सजीव फोकस

फोटोग्राफर लोकांना पुढच्या कॅमेऱ्यात काय पाहिजे, हे विचारायला कंपनीनं सांगलीत एका हॉटेलचा हॉल घेतला होता. साल दोन हजार एकोणतीस. जिल्ह्यातले सत्तर-ऐंशी फोटोग्राफर जमले होते. निम्मे जेवायला आले होते आणि निम्मे भांडायला. मी भांडायला गेलो होतो.

मी विलास तोडकर. तासगावात माझा स्टुडिओ आहे, लग्नं करतो. म्हणजे लोकांची. पंचवीस वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून मानेचे दोन मणके घासले, आणि माझा स्वभाव त्या मणक्यांमुळे बिघडला असं माझी बायको मंगल सांगते. तिचा अंदाज चुकीचा आहे. स्वभाव आधीपासूनच तसा होता.

स्टेजवर कंपनीची इंजिनिअर होती, अनघा रिसबूड नावाची पुण्याची पोरगी. तिशीची असेल. प्रत्येकाचं म्हणणं ती शांतपणे लिहून घेत होती आणि तिच्या शांतपणाचा मला राग येत होता.

"लेन्सचं वजन कमी करा हो," विट्याचा एकजण ओरडला. "नाकापेक्षा मोती जड झालाय!"

"बटन दाबायच्या आधीचं पाहिजे आमाला. अक्षता पडून जात्यात, मग आमचं बोट हालतंय."

"डोळा जिकडं फिरंल तिकडं फोकस गेला पाहिजे. बटनं कुठवर दाबायची?"

मग मी उठलो. "म्याडम, आमच्याकडं लग्नात नवरा-नवरीच्या मागं धा फुटी फ्लेक्स असतोय. त्यावर आमदार. आमदारांचं तोंड परातीएवढं. तुमचा हा शहाणा कॅमेरा नवरी सोडून आमदारांच्या डोळ्यावर फोकस धरतोय! गेल्या महिन्यात अंतरपाट खाली आला, आणि माझ्या सतरा फोटोंत आमदार एकदम शार्प आणि नवरी धुक्यात. जिवंत माणूस कुठला आणि छापलेला कुठला, एवढंसुद्धा कळंना व्हय तुमच्या मशीनला?"

हॉलभर हशा पिकला. रिसबूडबाई हसल्या नाहीत. "जिवंत कसं ओळखायचं, हाच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

दोन वर्षांनी कॅमेरा आला. आम्ही मागितलेलं सगळं त्यात होतं. मागितलेलं सगळं मिळणं ही किती वाईट गोष्ट असते, हे आधी कुणी सांगत नाही.

लेन्स चपटी होती, बिस्किटाच्या जाडीची. तिच्यात फुगीर काचा नव्हत्या. एका सपाट काचेवर केसाच्या हजाराव्या भागाएवढे खांब उभे केलेले, कोट्यवधी, आणि ते प्रकाशाला हवं तिकडे वळवत. पण खरी गंमत पुढे होती. हे खांब रंगाप्रमाणे प्रकाशाची वाटणी करत. हिरव्या रंगाची एक बारीक पट्टी वेगळी काढून ती सेन्सरच्या वेगळ्या कणांवर टाकत. आपलं रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची लाट येते आणि तेवढ्यापुरता चेहरा हिरव्या रंगात किंचित काळवंडतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. या कॅमेऱ्याला दिसे. सेकंदाला दोनशे वेळा तो चेहऱ्याकडे पाही आणि ज्या चेहऱ्यात लाट आहे तो जिवंत, त्यावरच फोकस धरी. आमदार फ्लेक्सवर कितीही मोठे असले तरी त्यांच्यात लाट नव्हती.

कंपनीनं याला नाव दिलं सजीव फोकस. फोकसची चौकट चेहऱ्यावर बसली की तिच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा येई. त्या माणसाचे मिनिटाला ठोके.

आणखी एक सोय होती. खोट्या फोटोंचा सुळसुळाट झाल्यापासून कोर्ट साध्या फोटोला पुरावा मानत नव्हतं. म्हणून हा कॅमेरा प्रत्येक मूळ फाईलवर आपली मोहोर मारी. फाईलमधला एक ठिपका जरी हलवला तरी मोहोर तुटे. मोहोर शाबूत म्हणजे फाईल खरी.

तो आकडा म्हणजे धंदा आहे, हे जिल्ह्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. याचा मला तेव्हा फार अभिमान होता. 'धडधड अल्बम' मी काढला. नवरीचा फोटो आणि खाली तिचे ठोके. हळदीला ब्याऐंशी, अंतरपाट खाली येताना एकशे बारा. लोक वेडे झाले. आत्या-मावश्या अल्बम उघडून आकडे वाचत. "आमच्या पोरीचा एकशे चौदा हाय, त्येंच्या सुनंचा बघा, पंच्याऐंशी! पिरेम न्हाई म्हणायचं!" नवरीनं सकाळपासून उपास धरलाय, शालूचं ओझं आहे, हॉलमध्ये उकडतंय, याचा विचार कुणी करत नव्हतं. मीसुद्धा. अल्बमच्या मागच्या बाजूला मी स्वतः एक वाक्य लिहून छापलं होतं : 'माणूस खोटं बोलेल, नाडी बोलणार नाही.'

त्याच वर्षी माझ्या एकुलत्या एक मुलीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा कराडचा, अनिकेत शिंगटे. घराणं बरं, मुलगा इंजिनिअर, बोलायला गोड.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी मंगलला सांगितलं की फोटो मीच काढणार.

"आणि कन्यादान?" तिनं विचारलं.

"सर्जेराव आणि वहिनी बसतील." सर्जेराव म्हणजे माझा धाकटा भाऊ.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमी बसला न्हाई तर मलाबी बसता येत न्हाई. कळतंय का तुमाला? पोरीचं कन्यादान माझ्या हातनं काढून घेतलंसा."

"अगं, दुसऱ्या कुणाला हा कॅमेरा झेपत नाही. आपल्याच पोरीचे फोटो बिघडले तर लोक तोंडात शेण घालतील."

ही चूक फक्त फोटोग्राफरच करू शकतो. दुसरा कुठलाही बाप मुलीच्या लग्नात मुलीजवळ उभा राहतो.

लग्नाच्या सकाळी मी ऋतुजाला खिडकीजवळ उभं केलं होतं. ऊन छान तिरपं येत होतं. "पप्पा, जरा बोलायचंय," ती म्हणाली. "अनिकेतचं थोडं..."

"ऊन वर चाललंय. दहा मिनिटंच आहेत. हनुवटी जरा खाली घे."

तिनं हनुवटी खाली घेतली. तो फोटो फार सुंदर आलाय.

मुहूर्तावर अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, सनई वाजली. हार घालायची वेळ आली तेव्हा नेहमीचा खेळ सुरू झाला. अनिकेतच्या मित्रांनी त्याला उचलून धरलं, म्हणजे नवरीचा हात त्याच्या गळ्यापर्यंत पोचू नये. तेवढ्यात ऋतुजाच्या मामानं आणि मामेभावांनी तिला त्याच्याही वर उचललं, आणि तिनं पहिल्याच झटक्यात हार बरोबर त्याच्या गळ्यात टाकला. सगळं कार्यालय हसलं. अनिकेतचे मित्र तर पोट धरून हसले. दोघांना खाली उतरवलं, आणि मी ऋतुजाच्या चेहऱ्यावर झूम केलं. चौकटीच्या कोपऱ्यात आकडा आला. एकशे एकतीस.

इतका आकडा मी कधीच पाहिला नव्हता. मी खूश झालो. तेव्हाचं मला एवढंच आठवत होतं.

ते पान मी स्टुडिओच्या काचेत लावलं. 'पहिल्या स्पर्शाची धडधड : १३१.' दुसरी गिऱ्हाइकं ते बघून यायची.

चौदा महिन्यांनी ऋतुजा एक पिशवी घेऊन परत आली. काय काय झालं ते तिनं आईला सांगितलं. फोन काढून घेणं, कोंडून ठेवणं, हात पिरगाळणं. मी बाहेरच्या खोलीत ऐकत होतो. "लग्नाच्या दिवसापासूनच सुरू झालं," ती म्हणाली. "हार घातल्यावर मित्र हसले ना त्याला? तिथंच, स्टेजवर, त्यानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली. हळूच म्हणाला, लई वर गेलतीस, आजपासनं खालीच ऱ्हायाचं."

मी आत गेलो. "स्टेजवर? मी समोर होतो. माझ्या कॅमेऱ्यात असलं काही नाही."

मंगल माझ्याकडे अशी बघत होती की मी परत बाहेर आलो.

ऋतुजानं घटस्फोटाचा अर्ज केला. शिंगट्यांनी उलट दावा लावला, की तिनं नांदायला परत यावं. चोराच्या उलट्या बोंबा. त्यांचं म्हणणं होतं की मुलगी आनंदानं लग्नाला उभी राहिली होती, छळबिळ सगळा बनाव आहे, आणि माहेरच्यांनी तिचे कान भरलेत. आणि पुरावा म्हणून त्यांनी काय दिलं? माझा अल्बम.

सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयात मला साक्षीला उभं केलं. शिंगट्यांचे वकील बर्गे नावाचे होते. सौजन्याचा पुतळा. असल्या माणसांची मला मनापासून किळस येते.

"तोडकर साहेब, हा अल्बम आपण केला?"

"हो."

"हा आकडा आपल्या मुलीच्या ठोक्यांचा? खरा?"

"खरा आहे. पण ठोके का वाढले ते मशीन सांगत नाही. माणूस पळाला तरी वाढतात, घाबरला तरी वाढतात."

"अस्सं. मग खाली 'पहिल्या स्पर्शाची धडधड' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"मागच्या पानावरचं वाक्य जरा मोठ्यानं वाचाल?"

मी वाचलं. माणूस खोटं बोलेल, नाडी बोलणार नाही.

"आता एवढंच सांगा," बर्गे गोड आवाजात म्हणाले, "आज खोटं कोण बोलतंय? नाडी, की माणूस?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

बाहेर आल्यावर आमच्या वकील आरगेबाई चिडल्या होत्या. "अल्बममध्ये नुसता आकडा आहे. मूळ फाईलमध्ये आणखी काय असतं?"

मला माहीत नव्हतं. मूळ फायली मी कधी उघडल्याच नव्हत्या. त्या उघडायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे होतं आणि गिऱ्हाइकांना आकड्यापलीकडे काही नको होतं. दुसऱ्या दिवशी कार्डावरची फाईल घेऊन मी पुण्याला रिसबूडबाईंकडे गेलो. गेल्या गेल्या भांडण काढलं. तुमच्या मशीननं माझ्या पोरीच्या गळ्याला फास लावला, असं म्हणालो. आजूबाजूचे लोक उठून बघायला लागले. त्यांनी मला बोलू दिलं, मग फाईल लावली.

पडद्यावर दोन रेषा आल्या. "ही वरची रेषा ठोक्यांची. चौऱ्याऐंशीवरून एकशे एकतीस, चार सेकंदांत. आता खालची बघा. ही चेहऱ्यातल्या रक्ताच्या लाटेची उंची. माणूस लाजला, आनंदला की चेहऱ्यात रक्त येतं, लाट मोठी होते. भ्यायला की शरीर चेहऱ्यातून रक्त काढून घेतं. ठोके दोन्ही वेळा वाढतात, पण लाट भीतीत लहान होते." त्यांनी बोट ठेवलं. खालची रेषा पार जमिनीला टेकली होती. "ही मुलगी प्रचंड घाबरलेली आहे."

ही मुलगी कोण आहे ते त्यांना माहीत होतं. तरी त्या तसं म्हणाल्या.

"मग हे कॅमेऱ्यात का दाखवत नाही?" मी ओरडलो. "नुसता आकडा का दाखवता?"

"पहिल्या नमुन्यात आम्ही दोन्ही रेषा दाखवल्या होत्या. तो तुम्हाला चाचणीला दिला तेव्हा तुमचंच पत्र आलं होतं. आलेख नको, आकडा मोठा करा, असं. माझ्याकडे आहे ते पत्र."

मला ते पत्र आठवत होतं.

"बटण दाबायच्या आधीचे पाच सेकंदही असतात," त्या म्हणाल्या. "सांगलीत मागितलं होतं तुम्ही लोकांनी. झूम करायच्या आधीचं चित्र मिळेल."

त्यांनी ते पाच सेकंद सावकाश चालवले. स्टेज पूर्ण दिसत होतं. दोघांना खाली उतरवलं. अनिकेत हसत होता. हसता हसता त्याचा हात हाराखालून पुढे आला आणि त्यानं ऋतुजाचं मनगट धरलं. त्याच्या बोटांची पेरं पांढरी झालेली दिसत होती. हिरव्या बांगडीचा तुकडा खाली पडला. त्याचे ओठ हलले. तिचा चेहरा तिथल्या तिथे बदलला.

पोर खरं बोलत होती. सगळं समोर होतं. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं, की आता केस जिंकलो.

"हा हिरवा ठिपका कसला?" मी डोळे पुसत विचारलं. चित्रावर एक बारीक हिरवा ठिपका फिरत होता.

रिसबूडबाई म्हणाल्या, "ती तुमची नजर आहे. डोळा फिरेल तिकडे फोकस जावा, अशी मागणी होती. त्यासाठी कॅमेरा आतल्या बाजूनं फोटोग्राफरची बाहुली बघत असतो. नजर कुठं होती, तेही फाईलमध्ये राहतं."

त्यांनी परत चालवलं. या वेळी मी फक्त ठिपका बघितला. ठिपका आधी ऋतुजाच्या चेहऱ्यावर होता. अनिकेतचा हात पुढे आला तसा तो खाली गेला. मनगटावर थांबला. पडद्याच्या कडेला वेळ धावत होती. पावणेदोन सेकंद तो तिथून हलला नाही. बांगडी फुटली तेव्हाही तिथेच होता. मग तो वर गेला, चेहऱ्यावर, आणि लगेच चित्र मोठं होऊ लागलं. चेहरा जवळ आला आणि हात चौकटीच्या बाहेर गेला.

मी झूम करून तो हात बाहेर काढला होता.

आणि मग मला आठवलं. मी विसरलो नव्हतोच, नुसतं बाजूला ठेवलं होतं. नवरा-बायकोचं काहीतरी असेल, बापानं बघू नये, असं मी मनात म्हणालो होतो. तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं, की तो हात फ्रेममध्ये वाईट दिसत होता. चेहरा मात्र असा उमटला होता की पंचवीस वर्षांत तसा मिळाला नव्हता.

"हा ठिपका काढता येतो का?" मी विचारलं.

"काढला तर मोहोर तुटेल. मग ती फाईल कोर्टात रद्दी."

"काहीतरी करा. तुमचंच मशीन आहे."

"तोडकर, तुम्ही आत्ता जे मागितलंत ते मी ऐकलं नाही असं समजते," त्या म्हणाल्या आणि फाईल माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर मंगलनं विचारलं, काय सापडलं. मी म्हणालो, काही नाही. आरगेबाईंनाही फोनवर तेच सांगितलं. मला लाज वाटत होती असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मला भीती वाटत होती. घरात आता फक्त ऋतुजाच माझ्याशी धड बोलत होती. ती परत आल्यापासून सकाळचा चहा आम्ही दोघं मिळून घेत होतो. ती माझ्या मानेला तेल लावून द्यायची. तेवढं मला जाऊ द्यायचं नव्हतं. नुसत्या खालच्या रेषेवरही वकीलबाई काहीतरी करतील, एखादा डॉक्टर आणतील, असं मी स्वतःला समजावत राहिलो. रेषा त्यांना दाखवायची तर फाईलच द्यावी लागणार होती, हे मला कळत नव्हतं असं नाही.

पुढच्या तारखेला ऋतुजाची उलटतपासणी होती. मी मागच्या बाकावर होतो. फाईल शर्टाच्या खिशात होती. रोज ती खिशातच ठेवत होतो, कारण घरात ठेवायची हिंमत नव्हती.

बर्गे उठले. "ताई, एकशे एकतीस. आपलं नवं आयुष्य सुरू होत होतं. आनंद झाला होता ना?"

"नाही. भीती वाटत होती."

बर्ग्यांना हसू आलं. शिंगटेही हसले. कोपऱ्यात बसलेला कारकूनसुद्धा मान खाली घालून हसला.

"भीती? पाचशे माणसांत? आपल्या समोर दहा फुटांवर कोण उभं होतं?"

"माझे पप्पा."

"कॅमेरा घेऊन? आपल्याकडेच बघत?"

"हो."

"मग आपण म्हणता तसं मनगट आवळलं, बांगडी फोडली, हे वडिलांना दिसलं नाही?"

"नाही दिसलं त्यांना," ऋतुजा म्हणाली. आवाज अजिबात कापत नव्हता. "दिसलं असतं तर ते कॅमेरा टाकून धावत आले असते."

तिनं हे शपथेवर सांगितलं. मी कसा आहे याबद्दल तिला खात्री होती.

मी उभा राहिलो. आरगेबाईंनी मागे वळून बसा म्हणून खुणावलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, असं मधेच उठता येणार नाही. मी म्हणालो, "बाई, मूळ फाईल माझ्याकडं हाय. मोहोर शाबूत हाय. आठ दिस झालं, खिशात घेऊन फिरतोय. ती बघा, आन मग मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

बर्ग्यांनी हरकत घेतली, ती टिकली नाही. मोहोर तपासायला तासभर गेला. मग पडदा लावला. रिसबूडबाईंना पुण्याहून दूरदृश्य जोडणीवर बोलावलं आणि त्यांनी दोन्ही रेषा समजावून सांगितल्या. हात दिसला. पांढरी पेरं दिसली. बांगडी दिसली. अनिकेत जमिनीकडे बघत होता. बर्गे कागद चाळत होते, त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

"आणि हा हिरवा ठिपका?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

रिसबूडबाईंच्या आधी मीच सांगितलं. "ती माझी नजर हाय. मी बघितलं होतं."

मी ऋतुजाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. तिनं आरगेबाईंना काहीतरी सांगितलं. आरगेबाई उठून म्हणाल्या, अर्जदाराची विनंती आहे की हे पाच सेकंद पुन्हा दाखवावेत. पुन्हा दाखवले. मग तिनं तिसऱ्यांदा मागितले.

दीड महिन्यात निकाल लागला. शिंगट्यांचा दावा फेटाळला. ऋतुजाला घटस्फोट मिळाला. निकालपत्रात एक ओळ माझ्याबद्दल होती, की साक्षीदाराने घटना प्रत्यक्ष पाहिली आणि आपले काम चालू ठेवले. बाईंनी शिक्षा काही दिली नाही. तेवढी ओळ लिहिली.

त्या दीड महिन्यात ऋतुजा माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मला जमलं असतं, भांडण मला येतं. ती विचारलेल्याला उत्तर द्यायची. चहा आईबरोबर आत घ्यायची. काचेतलं ते पान मी काढून फाडलं, तेव्हा ती दारात उभी होती, आणि ते फाडलेलं पाहून तिला काही वाटलं असावं असं दिसलं नाही.

निकालानंतरच्या सोमवारी तिनं कोल्हापूरला नोकरी धरली. खोलीही बघून ठेवली होती. मंगल तिच्याबरोबर महिनाभर राहायला जाणार होती. महिनाभर म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. पिशव्या दारात ठेवल्या होत्या आणि रिक्षा यायची होती.

"ऋतू," मी म्हणालो, "फाईल मी दिली ना शेवटी?"

"दिलीत. त्यामुळं मी सुटले. ते मी विसरणार नाही, पप्पा."

मला वाटलं आता ती जवळ येईल. ती चपला घालायला वाकली.

"मी कोर्टात सगळं खरं सांगितलं," ती खाली बघत म्हणाली. "शपथेवर एकच गोष्ट खोटी सांगितली गेली माझ्याकडून."

"कुठली?"

"तुम्ही धावत आला असता, ती."

मग तिनं पट्टा लावला, सरळ उभी राहिली आणि रिक्षा आली म्हणून आईला हाक मारली.